बॉयलर रूममधले बाबा



नांदगाव पेठपासून समुद्र पाचशे किलोमीटरहून जास्त लांब आहे. आमच्या गावाला पाणी माहीत ते विहिरीचं, आणि पाऊस बरा झाला तर नाल्याचं. अशा गावातला, पऱ्हाटीच्या शेतात वाढलेला एक मुलगा साठच्या दशकात नौदलात भरती झाला. आजीनं शेजारणींना सांगितलं, "पोरगा मिल्ट्रीत गेला." जहाजाचं नाव सांगून तरी कोणाला काय कळणार होतं! तो मुलगा म्हणजे माझे बाबा. मागच्या पावसाळ्यात ते गेले.

लोक भेटायला आले, की एक प्रश्न हमखास यायचा: एकाहत्तरच्या लढाईत तुमचे बाबा होते म्हणे, काय काय पाहिलं त्यांनी? खरं उत्तर असं, की त्यांनी काहीच पाहिलं नाही. ते स्टोकर, म्हणजे बॉयलर सांभाळणारे खलाशी होते. लोणावळ्याच्या आयएनएस शिवाजीत शिकले आणि विक्रांत या विमानवाहू जहाजाच्या बॉयलर रूममध्ये उतरले. वर डेकवर विमानं, झेंडे, फोटो. खाली तेलाचा वास, उकाडा आणि नजर कायम प्रेशरच्या काट्यावर. तिथं खिडकी नसते. दिवस आहे की रात्र, हे घड्याळावरून समजायचं.

पण त्या काट्याची गोष्ट ते रंगवून सांगत. विक्रांतला चार बॉयलर. १९७१ साली त्यांतल्या एकाला तडे गेलेले. हे जहाज लढाईला पाठवावं की बंदरातच ठेवावं, यावर नौदलात वाद होता. नौदलप्रमुख अ‍ॅडमिरल नंदांनी ते बंगालच्या उपसागरात पाठवायचं ठरवलं. वाफ कमी, म्हणून वेग कमी. आणि विक्रांतवरून विमान उडायचं तेही वाफेवरच. डेकखालच्या वाफेच्या यंत्रानं, कॅटापल्टनं, ते पुढे फेकलं जाई, मग हवेत उठे. ४ डिसेंबरला विक्रांतच्या विमानांनी कॉक्स बाजार आणि चितगाववर हल्ला केला. इतिहासाच्या पुस्तकात वैमानिकांचं कौतुक येतं, यायलाच हवं. बाबा मात्र मला म्हणत, "माय, माह्या वाफेनं इमान उडे. वरच्याइले वाटे, ते हवेनं उडते."

याला कोणी बढाई म्हणेल. मी म्हणणार नाही. तडा गेलेल्या बॉयलरशेजारी चार-चार तासांची पाळी करणं म्हणजे काय, हे बॉयलर चालवणाऱ्यालाच विचारावं.

त्यांच्या मते जहाजावरची सगळ्यात महाग वस्तू दारूगोळा नव्हे, गोडं पाणी. समुद्राचं पाणी उकळून, त्याची वाफ धरून ते तयार करायचं. त्यातलं आधी बॉयलरला, कारण खारं पाणी गेलं तर नळ्या खराब होतात. माणसांची पाळी त्यानंतर. ही शिस्त त्यांनी घरी आणली. मे महिन्यात पेठेत टँकरची वाट पाहणाऱ्या बायका वैतागलेल्या असत, तेव्हा बाबा अर्ध्या बादलीत आंघोळ उरकून उरलेलं पाणी लिंबाच्या झाडाला घालत. आईला याचा भारी राग. तिचं म्हणणं, "लढाई सरली, आता तरी पोटभर न्हा." त्या वादात बाबा कधी जिंकले नाहीत, आणि बादलीही कधी भरली नाही.

नौदलातून सुटल्यावर त्यांनी गिरणीत बॉयलर सांभाळला, मग शेती केली. पुढे आमच्या नांदगाव पेठेच्या एमआयडीसीत १३५० मेगावॉटचा औष्णिक वीज प्रकल्प आला. अप्पर वर्धा धरणाचं पाणी त्याला द्यायचं की शेतीला, यावरून जिल्हाभर आंदोलनं पेटली. पारावर भाषणं होत. बाबा भाषण करणारे नव्हेत. पण प्रकल्पाला एवढं पाणी लागतं कशाला, हे पारावरच्या मंडळींना नीट समजलं ते त्यांच्याकडून. टर्बाइन फिरवून झालेली वाफ पुन्हा थंड करून तिचं पाणी करावं लागतं, आणि त्या थंड करण्याच्या कामालाच खूप पाणी लागतं. "जहाजाले समुद्र फुकट भेटे," ते म्हणाले, "इथं समुद्र नाही, अप्पर वर्धा हाये. आता तुमीच हिसाब करा." कोणाची बाजू न घेता त्यांनी मुद्दा जागेवर आणून ठेवला होता. मला त्यांच्या नौदलातल्या नोकरीचा खरा अभिमान वाटला तो त्या दिवशी.

नातवाशी त्यांचं गूळपीठ. विक्रांत १९९७ साली निवृत्त झाली, काही वर्षं मुंबईत संग्रहालय म्हणून उभी राहिली आणि २०१४ साली भंगारात निघाली. त्यातलं पोलाद वापरून बजाजनं मोटारसायकल काढली, तेव्हा नातवानं हट्टानं तीच घेतली. बाबांनी टाकीवर बोटानं टकटक केलं आणि विचारलं, "ॲव्हरेज किती देते?" एवढंच! आम्ही सगळे त्यांच्या डोळ्यांत पाणी येण्याची वाट पाहत होतो. २०२२ साली नवी विक्रांत नौदलात आली. तिच्यात बॉयलर नाहीत, गॅस टर्बाइन आहेत, आणि विमानं डेकच्या पुढच्या चढावरून झेप घेतात, असं नातवानं मोबाइलवर वाचून दाखवलं. बाबा बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "म्हंजे स्टोकरच नाही?" हे मात्र त्यांना लागलं.

एकाहत्तरच्या त्याच लढाईत, बंगालच्या त्याच उपसागरात कमोर्टा या युद्धनौकेचे कॅप्टन होते मनोहर आवटी. वीरचक्र मिळालं, व्हाइस अ‍ॅडमिरल झाले, निवृत्तीनंतर समुद्रापासून दूर फलटणजवळच्या विंचुर्णीत राहिले. शिडाच्या बोटीतून भारतीयांनी एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा करावी, हा ध्यास त्यांचा. मुंबईत सागरी इतिहासाची संस्था त्यांनी उभी केली. २०१८ साली ते गेले, तेव्हा महाराष्ट्रानं त्यांची दखल घेतली. ती योग्यच होती. पण खलाशाची, स्टोकरची, स्वयंपाक्याची नोंद कोण ठेवणार? त्यांना आठवणी लिहायची सवय नसते. आम्हीही विचारत नाही. विचारलंच तर विचारतो, "किती शत्रू मारले?" मग तो माणूस गप्प बसतो.

श्रोतेहो, वऱ्हाडातल्या पुष्कळ घरांत असा एखादा माजी सैनिक असेल. लढाईचं राहू द्या. त्यांना विचारा: जहाज कोणतं, पलटण कोणती, काम काय होतं, जेवायला काय मिळायचं, पाणी किती मिळायचं? पेटीतली सेवापुस्तिका बाहेर काढा, तिच्यावरची सालं आणि ठिकाणं वहीत उतरवून घ्या. जुन्या फोटोंच्या मागे नावं लिहा. त्या फोटोतली माणसं ओळखणारे अजून घरात आहेत तोवर, याच आठवड्यात, हे काम करा.