कॉलेजात गेलेलं पोर आणि आपली वस्ती

(विहाराच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)

 

समितीने आम्हाला विषय दिला आहे 'विद्यार्थ्यांचा व्यक्तिमत्त्व विकास'. विषय मोठा आणि आम्ही गिरणीत साच्यावर उभी राहिलेली माणसं. आठवीत शाळा सुटली, रात्रशाळेत बसून दहावी केली, बाकीचं शिक्षण झालं ते ग्रंथालयाच्या बाकावर. हल्ली व्यक्तिमत्त्व विकास म्हटलं की टाय बांधायचा, फाडफाड इंग्रजी बोलायचं आणि त्याची फी भरायची, असं झालं आहे. ते ज्यांना करायचं त्यांनी करावं. आम्हाला बोलायचं आहे ते आपल्या वस्तीतून कॉलेजात जाणाऱ्या पोराला मोठ्या माणसांची सोबत मिळते का, याविषयी.

आता बघा. दहावी-बारावीचा निकाल लागला की याच व्यासपीठावर आपण मुलांचा सत्कार करतो. पुष्पगुच्छ, पेन, प्रमाणपत्र, फोटो. चांगली गोष्ट आहे, बंद करू नये. पण पोर खरं अडखळतं ते त्यानंतर, कॉलेजच्या पहिल्या वर्षात. मराठी माध्यमातून शिकलेला मुलगा सायन्सच्या वर्गात बसतो, मास्तर तासभर इंग्रजीत बोलतात, मुलगा मान डोलावतो. घरी येऊन सांगणार कुणाला? आई धुण्याभांड्याला, बाप पाळीवर. आमच्या शेजारच्या चाळीतला एक हुशार मुलगा असाच एफ.वाय.च्या पहिल्या परीक्षेनंतर कॉलेजला जाईनासा झाला. सकाळी डबा घेऊन निघायचा आणि बागेत बसायचा. दिवाळीपर्यंत कुणाला पत्ता नाही. आज तो घरोघर पार्सलं पोचवतो. काम हलकं नाही, आम्ही कामाला कधी हलकं म्हणणार नाही. पण त्या पोराला गणित येत होतं हो! साच्यावर धागा तुटला की साचेवाला साचा थांबवून तिथल्या तिथे गाठ मारतो. नाही मारली तर कापडातला दोष पुढे घडी खात्यात दिसतो आणि तेव्हा काही करता येत नाही.

बाबासाहेबांचं मोठेपण आपण सगळे सांगतो. पण ते विद्यार्थी असताना त्यांच्या भोवती कोण माणसं होती आणि त्यांनी नेमकं काय केलं, हे बारकाईने पाहिलं पाहिजे. परळच्या बी.आय.टी. चाळीतली लहानशी खोली, घरात माणसं फार. सुभेदार रामजीबाबा स्वतः जागत बसायचे, पहाटे दोनला भीमाला उठवायचे आणि मग त्याच जागेत आपण झोपायचे. अभ्यासाला वेगळी खोली देता येत नव्हती म्हणून बापाने आपली झोप दिली. पुस्तकाला पैसे नसले तर लेकींकडे जाऊन दागिना मागून आणायचा, तो गहाण टाकायचा आणि पेन्शन आली की सोडवायचा.

दुसरा माणूस कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजी. हे बाबासाहेबांच्या नात्यातले नव्हेत, जातीचे नव्हेत, त्यांच्या शाळेतले मास्तरही नव्हेत. चर्नी रोडच्या बागेत एक मुलगा रोज वाचत बसतो हे त्यांनी पाहिलं आणि विचारपूस केली. मग काय वाचावं ते सांगू लागले, आपल्याकडची पुस्तकं देऊ लागले. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले तेव्हा सी. के. बोले यांच्या अध्यक्षतेखाली सत्काराची सभा झाली. तिथे गुरुजींनी स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र या मुलाच्या हातात ठेवलं. या पुस्तकाने आपण बुद्धाकडे वळलो, असं पुढे बाबासाहेबांनीच लिहून ठेवलं आहे.

सत्कार तर आपणही करतो. पण गुरुजी सत्कारानंतर घरी जाऊन बसले नाहीत. पुढे कॉलेजच्या मध्यावर रामजीबाबांचा हात आखडला, शिक्षण थांबायची वेळ आली, तेव्हा हेच गुरुजी या मुलाला घेऊन महाराज सयाजीराव गायकवाड यांच्याकडे गेले. महाराजांनी दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती दिली आणि १९१२ साली भीमराव बी.ए. झाले. गुरुजी श्रीमंत नव्हते. पैसे देणारा माणूस कोण ते त्यांना माहीत होतं, आणि पोराला बरोबर घेऊन त्याच्या दारापर्यंत चालत जायची त्यांची तयारी होती. आपल्या वस्तीत असा माणूस किती घरांत आहे, ते ज्याने त्याने मोजावं.

बाबासाहेबांनी हे सगळं लक्षात ठेवलं असलं पाहिजे. ८ जुलै १९४५ रोजी त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली आणि १९४६ च्या जूनमध्ये मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू झालं. वर्ग सकाळचे ठेवले, म्हणजे दिवसा नोकरी करणाऱ्या गरिबाला शिकता येईल. मुलांना वादविवाद यावा, कायदा कसा होतो ते कळावं म्हणून कॉलेजात विद्यार्थ्यांची पार्लमेंट भरायची. पुढे १९५० साली औरंगाबादला कॉलेज निघालं, त्याला मिलिंद हे नाव आणि परिसराला नागसेनवन. मिलिंद कोण? भिक्खू नागसेनांना प्रश्नावर प्रश्न विचारणारा राजा! तिथले प्राचार्य म. भि. चिटणीस यांनी 'युगयात्रा' हे नाटक लिहिलं, विद्यार्थ्यांनी ते रंगवलं आणि बाबासाहेबांनी समोर बसून पाहिलं. नाटकाने मार्क वाढतात का? नाही वाढत. पण चार लोकांत उभं राहून बोलायची भीती जाते.

आणि आपल्याकडे? रविवारी वंदनेनंतर एखाद्या मुलीने प्रश्न विचारला, तर "आधी शिक, मग बोल" म्हणणारे आपलेच काका-मामा आहेत. अहो, ती शिकतेच आहे. तथागतांनी कालामांना सांगितलं, की परंपरेने आलं म्हणून मानू नका, आपला गुरू सांगतो म्हणूनही मानू नका. मग आपण त्या मुलीला कोणत्या तोंडाने गप्प बसवतो? भन्ते इथे बसले आहेत. त्यांनाही प्रश्न आवडतात, हे आम्ही अनुभवाने सांगतो.

आणखी एक बोलतो, कुणाला राग आला तरी चालेल. जयंती एप्रिलमध्ये येते आणि कॉलेजच्या परीक्षाही त्याच सुमाराला असतात. रात्री अकरापर्यंत भिंती हादरतील असा डीजे लावायचा आणि त्याच भिंतीआड आपलीच मुलगी कानात बोळे घालून उद्याच्या पेपरची उजळणी करणार! जयंती जोरातच व्हावी, पण आवाज कमी करून त्या खर्चातून चार टेबलं आणि दोन पंखे आले, तर जयंतीचं तेज कमी होईल असं आम्हाला वाटत नाही.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगतो. शिष्यवृत्तीचा अर्ज आता कॉम्प्युटरवर भरायचा असतो आणि दरवर्षी नूतनीकरण करावं लागतं. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, इंजिनिअरिंग-मेडिकलला जात पडताळणी, बँकेच्या खात्याला जोडलेलं आधार, यांतलं एक राहिलं की पैसे अडकतात. ज्याला सरकारी वसतिगृहात जागा मिळाली नाही त्याच्यासाठी स्वाधार योजना आहे, हे कित्येक घरांना ठाऊकच नाही. पडताळणीचा अर्ज बारावीच्या आधीच करून ठेवावा, निकालानंतर धावपळ करून उपयोग होत नाही.

पण पैशाच्या पलीकडेही पोर एकटं पडतं. १७ जानेवारी २०१६ रोजी हैदराबादच्या विद्यापीठात रोहित वेमुला या संशोधक विद्यार्थ्याने जीवन संपवलं. फेलोशिपचे पैसे अडकलेले, वसतिगृहातून बाहेर काढलेलं. त्या लढ्याविषयी या विहारात सभा झाली, निषेध झाला, व्हायलाच हवा होता. आम्ही आज एवढंच म्हणतो, की आपल्या वस्तीतलं जे पोर पुण्याला, दिल्लीला, हैदराबादला शिकतंय, त्याला फोन केल्यावर आपण मार्क सोडून काय विचारतो? जेवलास का, मित्र कोण आहेत, कुणी त्रास देतं का, काय वाचतोस? निकालाआधी हे विचारायला हवं.

तर आता कामाचं. आम्ही काही कामगार आणि महिला मंडळाच्या तिघी उपासिका यांनी बसून ठरवलं आहे, समितीनेही मान्यता दिली आहे. येत्या सोमवारपासून विहाराचा हॉल संध्याकाळची वंदना झाल्यावर रात्री अकरापर्यंत अभ्यासासाठी उघडा राहील. परीक्षेच्या दिवसांत पहाटे चारलाही उघडेल. मुलींसाठी पुढची दोन टेबलं, आणि उपासिकांपैकी एक जण रोज शेवटपर्यंत बसेल, तेव्हा आयांनी काळजी करू नये आणि पोरींना नऊ वाजता हाका मारू नयेत. दर रविवारी एका विद्यार्थ्याने आठवड्यात जे वाचलं त्यावर दहा मिनिटं बोलायचं, मराठीत बोला, इंग्रजीत बोला, चुकत बोला. नंतर प्रश्न होतील. नोकरीला लागलेल्या पदवीधरांनी आठवड्यातली एक संध्याकाळ द्यावी. वर्गणी नको, संध्याकाळ हवी. एफ.वाय.च्या प्रत्येक मुलामागे एका मोठ्या माणसाचं नाव आम्ही वहीत लिहिणार आहोत. त्या माणसाने पंधरा दिवसांतून एकदा त्या मुलाजवळ बसायचं. गणित येत नसलं तरी चालेल, विचारता आलं पाहिजे.

वही दाराजवळच्या टेबलावर ठेवली आहे, पेनही आहे. खीर वाटायच्या आधी नावं लिहा. किल्ली आमच्याकडे राहील, आणि आम्ही गावी गेलो तर खालच्या मजल्यावरच्या मावशींकडे.

जयभीम! नमो बुद्धाय!