मवाळ लाटांसाठीं फळी

हिंदुस्थानच्या राजकारणांत जहाल आणि मवाळ असे दोन पक्ष एके काळीं गाजले. समुद्राच्या लाटांतहि हे दोन पक्ष आहेत. एक लाट किनाऱ्याजवळ येतांच भिंतीसारखी उभी राहते, तिचा माथा पुढें कलतो आणि पोटांत पोकळी घेऊन ती धाडकन् कोसळते. दुसरी येते ती लोळत, वाकत. तिच्या माथ्यावर थोडा फेस जमतो, तो उतारावरून ओघळत राहतो, आणि बरेंच अंतर चालून ती केव्हां विरली हेंहि कळत नाहीं. पहिलीचीं चित्रें छापलीं जातात. दुसरी मात्र सुटीच्या दिवशीं समुद्रावर जाणाऱ्या साध्या माणसाच्या वाट्याला येते.

या मवाळ लाटेवर, हातांत लांब वल्हें घेऊन उभ्यानें स्वार होण्यासाठीं फळी कशी निवडावी, एवढाच आजच्या भाषणाचा विषय आहे. विषय लहान वाटेल. परंतु चांगली फळी महाग असते, बहुतेकांना ती एकदांच घेतां येते, आणि चुकीची घेतली तर माणूस महिन्याभरांत खेळ सोडतो व फळी घराच्या भिंतीला टेकून धूळ खात राहते. ती चूक बहुधा एकाच कारणानें होते. घेणारा माणूस आपली लाट आणि आपलें वजन विसरून जगज्जेत्याची फळी मागतो.

उभ्यानें वल्हवीत लाट गांठण्याची ही रीत हवाई बेटांतली. होनोलुलूच्या वाइकीकी किनाऱ्यावर पाहुण्यांना लाटस्वारी शिकविणारे लोक विसाव्या शतकाच्या मध्यास होडीचें वल्हें घेऊन मोठ्या फळीवर उभे राहत. उभें राहिल्यानें येणारी लाट लांबून दिसे, शिकाऊ मंडळींवर नजर राहे, आणि पाहुण्यांचीं छायाचित्रेंहि घेतां येत. पुढें ही रीत मागें पडली. १९९० नंतरच्या दशकांत लेअर्ड हॅमिल्टन आणि डेव्ह कलामा यांनीं माउई बेटावर ती पुन्हां उचलली. २०१२ सालीं पेरू देशांतील लिमा येथें तिची जागतिक स्पर्धाहि भरली.

आतां एक खरें गांव घ्यावें. अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्यांत, अटलांटिकच्या कांठीं, कोको बीच नांवाचें गांव आहे. येथील समुद्रतळ किनाऱ्यापासून पुष्कळ दूरवर उथळ राहतो. खोल पाण्यांतून येणारी लाट या तळाला घासत येते आणि तिचा बराचसा जोर वाटेंतच खर्ची पडतो. त्यांत वारा समुद्राकडून किनाऱ्याकडे वाहूं लागला म्हणजे लाटेचा उभा चेहराहि मोडून जातो. उन्हाळ्यांत कमरेएवढी लाट मिळाली तरी गांवकरी समाधान मानतात. गंमत अशी, कीं अकरा वेळां जगज्जेता ठरलेला केली स्लेटर १९७२ सालीं याच गांवांत जन्मला आणि याच बसक्या लाटांवर शिकला. तेव्हां मवाळ लाटेला नाक मुरडण्याचें कारण नाहीं.

अशा गांवांतल्या एखाद्या दुकानांत ७५ किलो वजनाचा, चाळिशी उलटलेला एक गृहस्थ आला आहे, अशी श्रोत्यांनीं कल्पना करावी. तो शांत पाण्यांत वल्हवावयास शिकला आहे. लाटेचा अनुभव थोडा आहे. खिशांत वर्षभराची शिल्लक आहे. समोर सात फूट लांबीची, निमुळत्या टोकाची, सुरीसारखी एक फळी उभी आहे, आणि त्याची नजर तिच्यावरून हलत नाहीं. पलीकडे बारा फुटांची रुंद, पडवीतल्या बाकासारखी दुसरी आहे. तिच्याकडे तो पाहतहि नाहीं. त्याची फळी या दोहोंच्या मध्यें कोठें तरी आहे. ती कोठें, हें समजण्यास लाटेचा थोडा हिशेब पाहावा लागतो.

लाट आपल्या उंचीच्या सुमारें सव्वापट खोलीच्या पाण्यांत आली म्हणजे फुटते. तिचा वेग त्या खोलीवर ठरतो. दोन मीटर उंचीची लाट फुटतांना ताशीं सुमारें १८ किलोमीटर वेगानें धांवते. ६० सेंटिमीटरांची लाट कशीबशी १० किलोमीटरांवर येते. शिवाय उंची अर्धी झाली म्हणजे तिच्यांतली शक्ति अर्धी नव्हे, चौथाई होते. म्हणजे लहान लाट एकाच वेळीं मंदहि असते आणि दुबळीहि असते. मोठ्या लाटेंत स्वाराला ढकलण्याचें काम लाट करते. लहान लाटेंत फळीनेंच काटकसर केली पाहिजे.

ही काटकसर कशांत असते? मुलें तळ्याच्या पाण्यावर चपटी खापरी फेकतात; ती टिपटिप उड्या मारीत दूर जाते. तोच दगड गोल असला तर डुबकन् बुडतो. फळीचेंहि असेंच आहे. पाणी बाजूस सारीत जाणें निराळें, आणि पाण्यावर चढून घसरणें निराळें. कमी वेगांत पाण्यावर चढावयाचें तर वजनाच्या मानानें तळ रुंद हवा आणि बराचसा सपाट हवा. निमुळती, दोन्ही टोकांना उचललेली फळी जहाल लाटेच्या उभ्या उतारावर उपयोगी पडते, कारण तेथें पुढचें टोक पाण्यांत घुसण्याची भीति असते. मवाळ लाटेला तसा उतारच नसतो. तेथें वर वळलेलें टोक नुसतें पाणी ढकलीत राहतें, फळी जड होते, आणि लाट खालून निघून जाते. दुकानांत फळी आडवी ठेवून तिच्या तळाचा बांक एका कडेनें डोळा लावून पाहावा. मधला भाग लांबवर सरळ, आणि पुढचें टोक थोडेंच उचललेलें, असा बांक या कामास योग्य.

हा विचार नवा नाहीं. दुसऱ्या महायुद्धानंतर कॅलिफोर्नियांत बॉब सिमन्स नांवाच्या तरुणानें पाण्यावर चढून धांवणाऱ्या नौकांविषयींचें शास्त्र वाचून रुंद व सपाट फळ्या घडविल्या. तो १९५४ सालीं सान दिएगोजवळ लाटांतच बुडून मरण पावला, पण त्याच्या फळ्यांची नक्कल आजहि लहान लाटांसाठीं होते. त्याच परिसरांत १९६७ सालीं स्टीव्ह लिसनें गुडघ्यांवर बसून स्वारी करण्यासाठीं आंखूड, रुंद, माशाच्या शेपटासारखी दुभंगलेली फळी बनविली. आज दुकानांत 'फिश' म्हणून जी मिळते ती तिचीच नात. आणखी मागें जावें तर जुन्या हवाईंत दोन जातींच्या फळ्या होत्या. पातळ, आंखूड 'अलाया' उभ्या फुटणाऱ्या लाटांसाठीं; आणि जाड, लांबलचक 'ओलो' संथ लोळणाऱ्या लाटांसाठीं. ओलो हा सरदारांचा मान. अबनर पाकी नांवाच्या सरदाराच्या ओलो फळ्या होनोलुलूच्या बिशप संग्रहालयांत ठेवलेल्या आहेत. त्या चौदा फुटांहून लांब आणि शंभर पौंडांहून जड आहेत. ज्यांना वाटेल ती फळी मिळूं शकत होती त्या सरदारांनीं संथ लाटेसाठीं मोठी फळी राखून ठेवली होती, हें दुकानांतल्या त्या गृहस्थाला कोणी तरी सांगावयास हवें.

आतां घनफळाकडे वळूं. पूर्वी फळी फूट-इंचांत विकली जाई. हल्लीं तिच्यावर लिटरांचा आंकडाहि लिहिलेला असतो, आणि तो फार उपयोगी आहे. खाऱ्या पाण्याचें एक लिटर सुमारें १.०२५ किलो भरतें. गृहस्थाचे ७५ किलो, फळीचे ८, वल्हें व ओले कपडे यांचे २, मिळून ८५ किलो झाले. आर्किमिडीजच्या नियमानें एवढें वजन तोलून धरण्यास ८३ लिटर लागतात. परंतु ८३ लिटरांच्या फळीवर तो उभा राहिला तर फळीचा पृष्ठभाग थेट पाण्याच्या पातळीला येईल, आणि जरा वारा सुटला कीं पाय घसरेल. कसलेला स्वार अशा बेताच्या फळीवरहि उभा राहतो. नवख्यानें वजनाच्या दीडपट ते पावणेदोनपट लिटर धरावे. म्हणजे या गृहस्थाला ११० ते १३० लिटरांची फळी हवी. तेंच वजन ९५ किलो असतें तर हाच आंकडा १४० ते १६५ पर्यंत गेला असता. मित्राची फळी मित्राला छान चालते, म्हणून आपल्यालाहि चालेल, हा समज येथें मोडतो.

पण लिटरांचा आंकडा एकटा फसवितो. तेवढेच लिटर जाडींत कोंबतां येतात आणि रुंदींतहि पसरतां येतात. जाड व अरुंद फळी बुचासारखी डुलते. तिची जाड कड पाण्यांत दाबली जात नाहीं, आणि कड दाबल्यावांचून वळण घेतां येत नाहीं. म्हणून मवाळ लाटेच्या फळींत लिटर रुंदींत असावेत आणि कडा पातळ होत गेलेल्या असाव्यात. त्या ७५ किलोच्या गृहस्थाला साडेआठ फूट लांब, ३० ते ३१ इंच रुंद, पुढें भरदार व मागें चौकोनी किंवा दुभंगलेल्या शेपटाची फळी शोभेल. ज्याला वळणांपेक्षां लांबवर तरंगत जाण्याची हौस अधिक, त्यानें साडेनऊ-दहा फुटांची, ३० इंची घ्यावी. पन्नाशीनंतर बहुधा हीच हौस टिकते, आणि तिच्यांत कमीपणा कांहींच नाहीं.

मग बारा फुटांचीच कां घेऊं नये? ती लाट सर्वांआधीं पकडते, हें खरें. परंतु पकडल्यावर ती वळत नाहीं. लाट डावीकडे उघडत असतांना फळी सरळ किनाऱ्याकडे धांवते, फेस तिला मागून गांठतो, आणि पुढें पोहणारीं मुलें असतात. एवढी लांब फळी हातांतून सुटली तर ती कोणाच्या डोक्यावर जाईल याचा नेम नाहीं. अती मोठी फळी इतरांना दुखावते, अती लहान फळी घेणाऱ्याला निराश करते. दोहोंत पहिला दोष वाईट.

फळीच्या तळाशीं माशाच्या परांसारखे जे फिन असतात त्यांच्याविषयीं थोडकेंच सांगतां येईल. १९३५ सालीं टॉम ब्लेकनें वाइकीकी येथें फळीला पहिला फिन बसविला; १९८१ सालीं ऑस्ट्रेलियाच्या सायमन अँडरसननें तीन फिन बसवून स्पर्धा जिंकल्या. तीन फिन भरवशाचे. दुबळ्या लाटेंत मात्र मधला फिन काढून दोन्ही कडांना दोन-दोन लावले तर फळी अधिक मोकळी धांवते, असा पुष्कळांचा अनुभव आहे. ज्या फळीला पांच खांचा असतात तिच्यांत दोन्ही प्रकार करून पाहतां येतात, म्हणून तीच घ्यावी. तळावरच्या पन्हळींविषयीं दुकानदार तासभर बोलूं शकतो. त्याला बोलूं द्यावें.

हवा भरून फुगवावयाच्या फळ्या शांत पाण्यासाठीं आणि लहान घरांतून राहणाऱ्यांसाठीं उत्तम; पण त्यांच्या कडा जाड व गोल असतात, आणि लाटेवर त्या थोड्या लवतात. जुनी कडक फळी घेतांना निराळी काळजी घ्यावी. तिचा गाभा हलक्या फेसाचा असतो व वरचें कवच राळेचें. कवचाला तडा गेला कीं आंत पाणी शिरतें आणि फळी मुकाट्यानें जड होत जाते. वजनकाटा बरोबर न्यावा. बनविणाऱ्यानें सांगितलेल्या वजनाहून ती दोन किलोंनीं जड भरली तर स्वस्तांतहि घेऊं नये.

वल्हें आपल्या उंचीहून वीतभर लांब पुरे. शांत पाण्यांतलें याहून थोडें लांब असतें. पायाला बांधावयाची दोरी फळीच्या लांबीएवढी असावी, आणि ती बांधल्यावांचून पाण्यांत उतरूं नये. आणखी एक गोष्ट किनाऱ्याकिनाऱ्यांवर भांडणाची झाली आहे. उभा असलेला माणूस लाट सर्वांआधीं पाहतो आणि वल्ह्याच्या जोरावर सर्वांआधीं गांठतो. पोटावर पडून हातांनीं पाणी मारणारे बिचारे पाहत राहतात. दोन लाटा घ्याव्यात, तिसरी त्यांच्याकडे सोडावी.

हिंदुस्थानच्या पश्चिम किनाऱ्यावर पावसाळ्यांत समुद्र पुरता जहाल असतो. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक मासेमारी बंद असते, आणि कोळी नारळी पौर्णिमेची वाट पाहतात. त्या दिवसांत फळी घरांतच बरी. पुढें ऑक्टोबरापासून मे महिन्यापर्यंत गोव्याच्या रुंद वाळूवर आणि कर्नाटकांतील मुल्कीच्या आसपास ज्या लहान लाटा येतात, त्या कोको बीचच्या लाटांच्या चुलत बहिणीच होत. मुल्की येथें २००० नंतरच्या दशकांत लाटस्वारी शिकविणारा एक क्लब निघाला, आणि आतां गोव्यांतहि फळी तासाच्या भाड्यानें मिळते. वरचा हिशेब तेथेंहि तसाच लागू पडतो.

भाड्याच्या फळीचा उल्लेख आलाच आहे तर त्या गृहस्थानेंहि तसेंच करावें. पैसे देण्यापूर्वीं साडेआठ फुटांची आणि साडेनऊ फुटांची अशा दोन्ही एकेका सकाळपुरत्या मागून घ्याव्यात. आणि त्यासाठीं सुरेख दिवस निवडूं नये. वारा किनाऱ्याकडे वाहत असलेला, पाणी गढूळ आणि लाट गुडघ्याएवढी असलेला रविवार निवडावा. वर्षांतले बहुतेक रविवार तसेच असतात.