कृषिकोषातील प्रबंध शेतकऱ्यांनीही वाचावेत

(हिवरे बाजार येथे शेतकऱ्यांसमोर केलेले भाषण)



तुमच्या गावात पाऊस किती पडला हे गुपित राहत नाही. पर्जन्यमापकाची नोंद गावापुढे येते, ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडला जातो आणि मगच रब्बीत काय पेरायचे ते ठरते. ऊस-केळीला आणि शेतीसाठी बोअर घ्यायला तुम्ही बंदी केली. ती टिकली, कारण हिशेब सर्वांसमोर होता.

संशोधनाचा हिशेब मात्र फार वर्षे असा उघडा नव्हता. राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ १९६८ साली स्थापन झाले. तेव्हापासून एम.एस्सी., पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांनी लिहिलेले प्रबंध ग्रंथालयाच्या कपाटात जमत गेले. माझाही एक असाच पडून होता. मागे चिकटवलेल्या चिठ्ठीवर कित्येक वर्षांत तीनच तारखा पडल्या होत्या आणि त्यातली एक माझीच!

आता असे कित्येक प्रबंध 'कृषिकोष' या संगणकीय भांडारात पाहता येतात. नवी दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने ते उभारले. देशभरातील कृषी विद्यापीठांचे प्रबंध व जुने अहवाल त्यात आहेत. भारतीय कृषी संशोधन परिषदेने २०१३ साली संशोधन सर्वांना खुले करण्याचे धोरणही जाहीर केले. हे काम जनतेच्या पैशातून झालेले आहे, तेव्हा ते वाचण्याचा हक्क तुमचाही आहे.

अडचण भाषेची. बहुतेक प्रबंध इंग्रजीत आहेत. म्हणून घरातल्या शिकत्या मुलाला किंवा मुलीला जवळ बसवा. मोबाइलवर पिकाचे व जमिनीच्या प्रकाराचे इंग्रजी नाव घालून शोधा. सगळी पाने वाचण्याची गरज नाही. आधी सारांश व निष्कर्षाचे प्रकरण पाहा, मग 'साहित्य व पद्धती'चे. खरी गोम तेथेच असते. प्रयोग कोणत्या जमिनीत, किती पाण्यावर, किती हंगाम घेतला? बागायती काळ्या रानातल्या कांद्याला जे मानवले, ते तुमच्या हलक्या, उताराच्या रानात मानवेलच असे नाही. कोरडवाहूसाठी सोलापूरच्या संशोधन केंद्रातील प्रयोग शोधलेले बरे.

आणखी एक, प्रबंध म्हणजे शिफारस नव्हे. तो बहुधा एक-दोन हंगामांच्या प्रयोगावर लिहिलेला असतो. शिफारस पुढे अनेक चाचण्या होऊन, समितीच्या मान्यतेनंतर 'कृषिदर्शनी'त येते. तेव्हा प्रबंधात वाचले म्हणून एकरभर खत ओतू नका. दोन गुंठ्यांवर करून पाहा, शेजारी नेहमीच्या पद्धतीचे दोन गुंठे ठेवा आणि दोन्हींचे उत्पादन वेगवेगळे तोला. आकडे जुळले नाहीत, तर प्रबंधाचे नाव, वर्ष आणि तुमची वजने लिहून विद्यापीठाच्या विस्तार शिक्षण विभागाकडे पाठवा.