‘चालत नाही’ एवढ्यावर थांबू नका

पुसद-उमरखेडपासून वणी-झरीपर्यंतच्या तालुक्यांतून आलेले शिक्षक, लेखक, ब्लॉग चालवणारे मित्रहो,

यवतमाळने १९७३ साली ग. दि. माडगूळकरांना आणि २०१९ साली अरुणा ढेरे यांना साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी पाहिले आहे. तेव्हा साहित्यावर मी काही नवे सांगेन, अशी आशा तुम्ही धरली नसेलच. मी बोलणार आहे बिघाडांविषयी, आणि ते नीट लिहून कळवण्याविषयी. माझ्या मते तेही गद्यलेखनच आहे, आणि आपण त्यात कच्चे आहोत.

जेकिल, ह्यूगो यांसारख्या वेबसाइट बांधणाऱ्या साधनांनी आपली मोठी सोय केली. लेख साध्या फाइलीत लिहायचा, साधन त्यातून तयार पाने बांधते, ती सर्व्हरवर ठेवली की झाले. डेटाबेस नाही, खर्च जवळजवळ नाही, अडखळत्या नेटवर्कवरही पान उघडते. पण बांधणी फसली की विचारायला समोर माणूस नसतो. मग फोन येतो, ‘सर, साइट चालत नाही.’

कपाशीवर रोग आला की आपला शेतकरी कृषी विज्ञान केंद्रात नुसते ‘पीक गेलं’ म्हणायला जात नाही. रोगट पान, किडके बोंड पिशवीत घालून नेतो, काय फवारले तेही सांगतो. तेवढी शिस्त आपण सुशिक्षितांनी पाळली तरी पुष्कळ.

आधी बिघाड कुणाचा ते ओळखावे. सकाळी नऊची वेळ घालून लेख चढवला, बांधणी बिनबोभाट झाली, एरर कुठेच नाही, आणि लेख गायब! जेकिल पुढच्या वेळेचा लेख मुळातच वगळते. वेळेपुढे आपला वेळविभाग लिहिला नसेल आणि सर्व्हरचे घड्याळ जागतिक वेळेवर असेल, तर ते आपल्याहून साडेपाच तास मागे. त्याचे नऊ वाजेपर्यंत आपल्याकडे दुपारचे अडीच होतात. बरे, अडीचला लेख आपसूक उगवतो असेही नाही. बांधणी पुन्हा करावी लागते. वेळेपुढे +०५३० लिहिले की काम भागते. हा बग नव्हे. शीर्षकात अवतरणचिन्हांशिवाय ‘यवतमाळ: कापसाचे गाव’ असा कोलन टाकला की बांधणीत एरर येतो, तोही नव्हे. विंडोजवर दिसणारा फोटो सर्व्हरवर दिसेनासा झाला, तर फाइलीच्या नावातली लहान-मोठी इंग्रजी अक्षरे तपासा. अशा गोष्टींसाठी साधन सांभाळणाऱ्या कुणा स्वयंसेवकाची रात्र खर्ची घालू नये.

आता आपल्या घरचा बिघाड. ‘शेतकऱ्यांचे प्रश्न’ हा टॅग यवतमाळच्या कोणत्या ब्लॉगवर नसेल? त्यातला आडवा अर्धा र युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एका तऱ्हेत टिंबाच्या ऱ ला हलंत. दुसरीत साध्या र ला हलंत आणि मागे एक न दिसणारे जोडचिन्ह, झीरो विड्थ जॉइनर. डोळ्यांना दोन्ही एकच. यंत्राला मात्र दोन वेगळे शब्द. एकाने एका कीबोर्डवरून लिहिले, दुसऱ्याने दुसऱ्या, की एकाच नावाची दोन टॅगपाने तयार. निम्मे लेख इथे, निम्मे तिथे. युनिकोडचे ठरीव सामान्यीकरणही या दोघांना एक करत नाही. ज्यांच्या लिपीत हा र नाही, त्यांना हा बिघाड कधी दिसणारच नाही. (नेपाळीत तो आहे, त्यामुळे आपल्याला सोबती मिळेल.) आपण गप्प बसलो तर तो पुढच्या आवृत्तीतही असेल, त्याच्याही पुढच्या आवृत्तीत असेल.

मग कळवायचे कसे? हा बिघाड साधनाच्या तक्रारयादीत आधी कुणी नोंदवला आहे का, ते शोधा. आपली शेकडो पानांची साइट कुणाच्या माथी मारू नका. नवी, रिकामी साइट घ्या, मूळची थीम ठेवा, दोनच लेख घाला. एकात एका तऱ्हेचा टॅग, दुसऱ्यात दुसऱ्या तऱ्हेचा. बिघाड तिथेही दिसला तर निम्मे काम झाले. साधनाची आवृत्ती, संगणकाची प्रणाली, दिलेली कमांड, काय व्हायला हवे होते आणि काय झाले, एवढे लिहा. एरर मेसेजचा फोटो पाठवू नका, मजकूर जसाच्या तसा उतरवा. या अर्ध्या र च्या बाबतीत तर फोटो निरुपयोगीच, कारण चित्रात दोन्ही शब्द सारखेच दिसणार! अक्षरांचे युनिकोड क्रमांक द्या. पासवर्ड, टोकन तेवढे काढून टाका.

‘कधीकधी’, ‘अचानक’, ‘भंगार’ हे शब्द खोडा. विशेषणांनी बिघाड सापडत नाही. आधी मराठीत लिहा, क्रम लागला की इंग्रजीत न्या. इंग्रजी मोडकी असली तरी चालते. पायऱ्या मोडक्या असून चालत नाहीत. उत्तर आले की तुम्हीही उत्तर द्या. तक्रार टाकून पसार होणारे आपल्यात फार.

याच जिल्ह्यात उद्या कोणी कोलामीत, गोंडीत, बंजारा बोलीत देवनागरीतून लिहायला बसेल. त्यांच्या बाजूने बोलणारे आपल्याहूनही थोडे असतील, म्हणून देवनागरीचे दोष नोंदवण्याची जबाबदारी आधी आपली. जेवणानंतर लॅपटॉप उघडा, आपल्या टॅगची यादी वरपासून खालपर्यंत वाचा. एकच नाव दोनदा दिसले, तर घरी जाण्याआधी त्याची तक्रार लिहून पाठवा.