दुसऱ्या बाळंतपणाचा निर्णय
(संस्थेच्या वार्षिक सभेत केलेले भाषण)



आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर. वैद्यकशास्त्र आमचा विषय नव्हे. परंतु प्रत्येक बाळंतपणाचे कागद अखेरीस आमच्या मेजावर येतात. त्या कागदांनी उभा केलेला एक प्रश्न आज आपणांपुढे ठेवीत आहोत. पहिले मूल सिझेरियनने झाले असेल, तर दुसरे कसे व्हावे, आणि ते कोणी ठरवावे?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातील सिझेरियनचे प्रमाण २०१५-१६ मध्ये २०.१ टक्के होते. २०१९-२१ मध्ये ते २५.४ टक्के झाले. साहजिकच जुना व्रण घेऊन येणाऱ्या भगिनीही वाढत आहेत.

एकदा सिझेरियन झाले की पुढेही तेच, हे मत न्यूयॉर्कच्या डॉ. एडविन क्रेगिन यांनी १९१६ साली मांडले. तेव्हा गर्भाशयावर उभा छेद घेत. आता बहुधा खालच्या भागात आडवा छेद घेतात व तो अधिक भक्कम भरून येतो. असा एकच व्रण असलेल्या आणि नैसर्गिक प्रसूतीचा प्रयत्न करणाऱ्या योग्य मातांपैकी शंभरांत सुमारे बहात्तर ते पंचाहत्तर जणी त्यात यशस्वी होतात. सुमारे दोनशेंत एकीचा व्रण उसवतो. तेव्हा आई व बाळ दोघांच्याही जिवाला धोका असतो. पुन्हा शस्त्रक्रिया केल्यास हा धोका बहुतांशी टळतो. मात्र प्रत्येक शस्त्रक्रियेगणिक पुढच्या खेपेस वार व्रणाला चिकटण्याची शक्यता वाढते.

हे तोलण्यासाठी पहिल्या शस्त्रक्रियेची माहिती हवी, आणि तेथेच अडते. आपल्याकडे पहिलटकरीण माहेरी जाते. दुसऱ्या वेळी ती येथे, वरसे-रोह्याला असते आणि कागद माहेरच्या पेटीत! धाटावच्या एका कामगाराची पत्नी सातव्या महिन्यात आली, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "तारीख देऊन टाका साहेब, जिवाशी खेळ नको." सून हळूच म्हणाली, "मला एकदा विचारा तरी." तिच्या भावाने कागद आणून दिले. छेद आडवा होता. बाळ पायाळू असल्यामुळे शस्त्रक्रिया झाली होती. या खेपेस बाळाचे डोके खाली होते. डॉक्टरांनी दोन्ही मार्ग समजावले. तिने कळांची वाट पाहणे पसंत केले व ती सुखरूप बाळंत झाली. दुसऱ्या एका भगिनीने तेच सारे ऐकून शस्त्रक्रिया मागितली. तिचाही निर्णय आम्ही तितक्याच आदराने स्वीकारला.

आता हिशेबाची गोष्ट. सिझेरियनचे बिल मोठे व वेळ ठरलेली. व्रण असलेल्या मातेच्या कळांची वाट पाहताना मात्र भूलतज्ज्ञ, शस्त्रक्रियागृह आणि रक्त रात्रभर सज्ज ठेवावे लागते. या प्रतीक्षेचा खर्च कोणत्याच बिलात मावत नाही. तो न पेलणारे रुग्णालय नकळत तिचा निर्णय स्वतःच घेऊन मोकळे होते. म्हणूनच आपली देणगी या सज्जतेसाठी मोलाची आहे. जेव्हा ही सज्जता आमच्याकडे नसेल, तेव्हा ते आधीच स्पष्ट सांगून मातेला वेळेवर मोठ्या रुग्णालयात पाठविणे हे आमचे कर्तव्य आहे.

घरी जाताना शस्त्रक्रिया का झाली व छेद कोणता, हे प्रत्येक मातेच्या कागदावर मराठीत लिहून देण्याचा संकल्प आम्ही केला आहे. कुटुंबियांना एकच विनंती: तो कागद जपून ठेवावा, आणि निर्णयाच्या वेळी सुनेला, लेकीला प्रथम बोलू द्यावे.