अर्धं मैदान
(स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण, दहावी, १९८६ची तुकडी)



संयोजकांनी मला ‘शाळेतले खेळ’ हा विषय दिला आणि वर दहा मिनिटांचा दम दिला. मी फक्त बास्केटबॉलवर बोलणार आहे. कबड्डीवाल्यांनी रागावू नये, तुमच्यावर बोलणारे इथे पुष्कळ आहेत.

आपलं मैदान आठवतंय? मातीचं, दोन लोखंडी खांब, एका रिंगला जाळी नाही. पलीकडच्या यंत्रमागांची खटखट इतकी, की शिट्टी ऐकू यायची नाही. पूर्ण मैदान मुलांचं. मुलींना पाण्याच्या टाकीकडचं अर्धं, तेही पाच वाजेपर्यंत. आम्हाला वाटायचं, ही आपल्या भिवंडीचीच रीत. मुलगी अमेरिकेत शिकायला गेली, तिच्यामुळे मी या खेळाचं वाचू लागले, तेव्हा कळलं की हे अर्धं मैदान तिकडूनच आलेलं!

नाइस्मिथ यांनी १८९१ मध्ये हा खेळ काढला आणि पुढच्याच वर्षी स्मिथ कॉलेजच्या सेंडा बेरेन्सन या शिक्षिकेने तो मुलींना शिकवला. मुलींना दमणूक सोसणार नाही या समजुतीपोटी मैदानाचे तीन भाग केले. आपला भाग सोडायचा नाही, चेंडू हिसकावायचा नाही. पुढे सहा-सहा जणींचा खेळ आला. तीन जणींनी फक्त गोल करायचे, तीन जणींनी फक्त अडवायचं, मधली रेषा ओलांडायची नाही. आयोवा राज्याच्या शाळांत हे १९९३ पर्यंत चाललं. म्हणजे आपण दहावी होऊन सात वर्षं झाली तरी!

१९७२ मध्ये तिथे कायदा झाला की सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत मुलगी म्हणून कुणाला डावलायचं नाही. त्यानंतर चित्र पालटलं. १९७६ला माँट्रियलमध्ये बायकांचं बास्केटबॉल ऑलिंपिकमध्ये आलं आणि त्यातला पहिला गोल केला मिसिसिपीच्या लुसिया हॅरिसने. त्या वेळी अमेरिकेला रौप्य मिळालं. १९९६पासून मात्र दर वेळी सुवर्ण. २०२४ला पॅरिसला फ्रान्सविरुद्ध ६७–६६, एका गुणाने सुटल्या! डायना टॉरासीचं ते सहावं सुवर्ण.

मला सगळ्यांत जवळची वाटते पॅट समिट. बाविसाव्या वर्षी टेनेसी विद्यापीठाच्या मुलींची प्रशिक्षक झाली. महिना अडीचशे डॉलर. संघाची गाडी स्वतः चालवायची, गणवेशही स्वतः धुवायची. रौप्य मिळवणाऱ्या त्या १९७६च्या संघात ती खेळाडू होती आणि १९८४ला सुवर्ण जिंकणाऱ्या संघाची प्रशिक्षक. टेनेसीत १,०९८ सामने जिंकले. वाचताना मला आपल्या बाई दिसत होत्या. नववीत आम्हाला एस.टी.ने ठाण्याला स्पर्धेला नेलं ते त्यांनीच. पदरच्या पैशाने तिकिटं काढली, डबेही त्यांच्याच घरचे. पहिल्याच फेरीत हरलो. परतीच्या गाडीत बाई एवढंच म्हणाल्या, “पुढच्या वर्षी लवकर सराव सुरू करू.”

पुढच्या वर्षी संघच झाला नाही. दहावीचं वर्ष, घरून परवानगी नाही. आमच्यातली सगळ्यांत अचूक नेम असलेली मुलगी तर नववीनंतर शाळेतच आली नाही. लग्न ठरलं. ती आज तिसऱ्या रांगेत बसली आहे. नाव घेत नाही, चिडेल.

आपल्याकडेही बदल झालाय. केरळच्या गीतू ॲना जोसला २०११ मध्ये अमेरिकेतल्या व्यावसायिक संघांनी चाचणीला बोलावलं. २०१७ला बंगळुरूत भारताच्या मुलींनी कझाकस्तानला ७५–७३ असं हरवून आशिया चषकाचा ‘ब’ गट जिंकला. पुण्याची शिरीन लिमये त्या संघात होती. पुढे ती भारताची कर्णधार झाली. टीव्हीवर तिचं मराठी आडनाव ऐकून मी स्वयंपाकघरातून धावत बाहेर आले होते. गॅसवर दूध होतं, ते गेलं.

तर, तिसऱ्या रांगेतल्या बाईसाहेबांनी सकाळी आल्या आल्या मला विचारलं, “रिंग तेवढीच उंच आहे का गं?” तेवढीच आहे. दहा फूट, १८९१पासून तीच. जेवणानंतर आम्ही पाच जणी मैदानावर जाणार आहोत. सरांनी स्टोअरची किल्ली आणली आहे. चेंडूत हवा आहे की नाही, ते मात्र अजून पाहिलेलं नाही.