न बोलणारे निरोप

“पाळीत पोट दुखायचंच,” असं म्हणून आपण किती मुलींना गप्प बसवतो! पण या दुखण्यामागे कधी कधी एंडोमेट्रिओसिस असतो. गर्भाशयाच्या अस्तरासारखं अस्तर बाहेर, बीजांडकोशावर किंवा ओटीपोटात रुजतं. जननक्षम वयातल्या दर 10 स्त्रियांत सुमारे एकीला तो होतो, आणि निदानाला 4 ते 12 वर्षंही लागतात.

पेशीतला एक आरएनए प्रथिनं बनवण्याचा निरोप नेतो. पण दुसरे काही चिमुकले, जेमतेम 22 घटकांचे, स्वतः काहीच घडवीत नाहीत. उलट निरोप्याला चिकटून त्याचं तोंड बंद करतात! हे मायक्रो-आरएनए. 1993 साली अँब्रोस आणि रुव्हकुन यांनी एका कृमीत त्यांचं काम उलगडलं. 2024 साली त्यांना नोबेल मिळालं.

बाहेर रुजलेल्या अस्तरात ‘मिर-200’ कुळातले हे पहारेकरी कमी आढळतात, आणि पेशी जागा सोडून भटकू लागतात. मायक्रो-आरएनए लाळेतही सापडतात. फ्रान्समध्ये 2022 साली लाळेतल्या 109 मायक्रो-आरएनएंवरून निदानाची चाचणी प्रसिद्ध झाली. निकाल उत्तम आले. मात्र तपासलेल्या 200 जणी आधीच दुखण्याने बेजार होऊन डॉक्टरांकडे आलेल्या होत्या.